पद्मिनीचा लाल दिवा

जुलैतला रविवार होता. वाईहून पुण्याला निघायला उशीर झाला, आणि सुरूरला महामार्गाला लागेपर्यंत पावसाने चांगलाच जोर धरला. हेडलाइट चालू, वायपर चालू. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा मला आधी दिसलाच नाही. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो, आतबाहेर अंधार झाला, तेव्हा तो डोळ्यांत भरला. पूर्ण पेटलेला नव्हता आणि विझलेलाही नव्हता, राखेखालच्या निखाऱ्यासारखा धुगधुगत होता.

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबून पाहिला. एरवी इंजिनाने थोडा वेग घेतला की हा दिवा विझतो. त्या दिवशी तो नुसता थरथरला. शेजारी बसलेली लेक म्हणाली, "आई, आपले लाइट बघ ना, किती पिवळे झालेत." बोगदा संपल्यावरच्या एस वळणावर वायपर अर्ध्या काचेत रेंगाळायला लागले. मागून ट्रक येत होते. शिरवळपर्यंतचं अंतर मी कसं कापलं ते मलाच माहीत. पहिला पेट्रोल पंप दिसला तिथे गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा चावी फिरवली. सेल्फने एकदा 'टक्' केलं आणि गप्प झाला.

पंपावरच्या माणसांनी गाडी रात्रभर ठेवू दिली. आम्ही दोघी एसटीने घरी आलो.

ही गाडी माझ्या मामांची. १९७८ची प्रीमियर पद्मिनी. मामा वाईला वकिली करायचे. गाडीचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची त्या काळात त्यांनी ती घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, हे ते अजून अभिमानाने सांगतात. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली. त्याला आता साडेचार वर्षं झाली. तेवढ्यात मी दोन बॅटऱ्या संपवल्या होत्या, आणि शिरवळला उभ्या गाडीत तिसरी होती, जेमतेम चौदा महिन्यांची.

रात्री मामांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "दिवा मंद होता की लख्ख?"

"मंद. शेवटी शेवटी लख्ख."

"मग बॅटरीला दोष देऊ नकोस. उद्या चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा आणि उन्हात गाडी घरी आण. लाइट लावायचे नाहीत, हॉर्न जपून वाजवायचा. डायनामो काहीच वीज देत नसला तरी ठिणगीच्या कॉइलला लागून लागून किती लागणार? तीन-चार अ‍ॅम्पिअर. भरलेल्या बॅटरीवर तू पुण्याला आरामात पोचशील."

गणित साधं होतं. चाळीस अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी आणि चार अ‍ॅम्पिअरचा खर्च, म्हणजे कागदावर दहा तास. शिरवळ ते आमचं घर दीड-दोन तासांचं. बॅटरीच्या दुकानातून डिपॉझिट भरून एक स्पेअर बॅटरी घेतली, दुसऱ्या दिवशी पावसाची उघडीप बघून निघाले आणि लाल दिवा पूर्ण पेटलेला ठेवूनच गाडी दारात आणली. त्या दीड तासात मला पहिल्यांदा नीट कळलं की गाडी चालायला डायनामो, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र, लागत नाही. बॅटरीत साठवलेलं संपायच्या आत ते परत भरायला तो लागतो.

मग सुरू झाले सल्ले. बॅटरीवाला म्हणाला, "हिचं आयुष्य संपलं, नवीन टाका." ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने बॉनेट उघडलं, डायनामोकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, हे काढून टाका. अल्टरनेटर बसवून देतो, कटकट मिटेल." दोघांनीही मीटर लावला नव्हता. मला राग आला तो याचा. अल्टरनेटर, म्हणजे डायनामोचंच काम करणारं नवं यंत्र, वाईट नाही, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण काय बिघडलंय हे न बघता काय काढायचं हे कसं ठरवायचं?

मी इंजिनिअर नाही, एका शाळेत गणित शिकवते. पण मोजणं मला येतं. मल्टिमीटर घरात होता. मामांकडे गाडीबरोबर आलेलं जुनं पुस्तक होतं, आणि रोज रात्री नऊला त्यांचा फोन होता.

पहिलं काम फॅनबेल्टचं. बेल्टच्या लांब बाजूला मधोमध अंगठ्याने दाबलं, तर तो एक-दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. माझा जवळजवळ अडीच दबला. उलटून पाहिला तर आतली बाजू काचेसारखी चकचकीत झाली होती. असा बेल्ट पुलीवर घसरतो, आणि पावसात पाणी उडालं की जास्तच घसरतो. नवीन बेल्ट घातला, डायनामो बाहेरच्या बाजूला ओढून धरला आणि बोल्ट आवळला. बेल्ट फार ताणायचा नाही हेही मामांनी बजावलं, नाहीतर डायनामोच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर भार येतो. बेल्ट बदलला तरी दिवा विझेना.

इथे त्या दिव्याविषयी सांगायला हवं, कारण तो समजला की निम्मं काम होतं. त्याचं एक टोक चावीमार्गे बॅटरीला जोडलेलं असतं आणि दुसरं डायनामोला. इंजिन बंद असताना चावी फिरवली की बॅटरीकडे बारा व्होल्ट आणि डायनामोकडे शून्य, म्हणून दिवा लख्ख पेटतो. डायनामो फिरायला लागला की त्याचा दाब वाढतो, दोन्हीकडे सारखा दाब झाला की दिव्यातून वाहायला काही उरत नाही आणि तो विझतो. म्हणून मंद दिवा म्हणजे डायनामो काहीतरी देतोय, पण पुरेसं देत नाही. आयडलवर उभ्या गाडीत तो थोडा लुकलुकला तर घाबरायचं कारण नाही. कमी वेगावर डायनामो पुरेसं देऊ शकत नाही, हा त्याचा स्वभावच आहे. मामांच्या पहिल्या प्रश्नात हे सगळं होतं.

नंतर बॅटरीच्या टोकांवर मीटर लावला. इंजिन बंद असताना १२.१. चालू करून वेग वाढवला तर ११.९. चार्जिंग ठीक असतं तर आकडा चौदाच्या आसपास दिसला असता. म्हणजे परत काहीच येत नव्हतं. दोष डायनामोत, की त्याच्या पुढच्या कटआऊटमध्ये? आपल्याकडे मेकॅनिक सबंध रेग्युलेटरच्या डबीलाच कटआऊट म्हणतात. खरं तर कटआऊट हा तिच्यातला एक भाग. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी झाला की तो दोघांमधला रस्ता तोडतो, नाहीतर बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होईल. दाब जास्त चढू न देणारा रेग्युलेटर त्याच डबीत शेजारी असतो.

दोघांना वेगळं करायची चाचणी जुनी आणि सोपी आहे. डायनामोच्या मागे दोन टोकं असतात, डी आणि एफ. डी म्हणजे मोठं, जिथून करंट बाहेर येतो. एफ म्हणजे फील्डचं, आत चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलचं. दोन्ही वायरी काढल्या आणि कोणती कुठली ते आठवावं म्हणून एकीला लाल दोरा बांधला. मीटरचं एक टोक डीला, दुसरं डायनामोच्या बॉडीला. इंजिन मध्यम वेगावर. फील्ड जोडलेलं नसतानाही आतल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वामुळे इथे दीड ते तीन व्होल्ट दिसायला हवेत. मग डी आणि एफ एका छोट्या वायरने जोडायचे आणि वेग हळूहळू वाढवायचा, की आकडा सरसर चढतो. वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. पहिल्या चाचणीत दीड-तीन दिसून दुसरीत आकडा तिथेच राहिला तर फील्डकडे बघायचं. चार ते सातवर अडकला तर आर्मेचरच्या, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाच्या, वाईंडिंगकडे. आणि मुळातच काही दिसलं नाही तर कार्बन आणि ते ज्याच्यावर घासतात त्या कम्युटेटरकडे.

लेक मीटर धरून बसली होती. "शून्य पॉइंट चार," ती म्हणाली. "नाही, शून्य. नाही, पॉइंट सहा. हलतंय गं सारखं." डी-एफ जोडल्यावरही तेच.

त्या रात्री मामांना आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "कार्बन. उघड."

डायनामो काढायला पाऊण तास लागला. त्यातला अर्धा तास एका गंजलेल्या बोल्टने खाल्ला. मागच्या बाजूने आरपार जाणारे दोन लांब स्क्रू सोडवले की मागचं झाकण निघतं. ते निघालं तेव्हा वर्तमानपत्रावर काळी भुकटी सांडली. बारीक आणि तेलकट, पेन्सिलच्या शिशासारखी. दोन कार्बनपैकी एक इतका झिजला होता की स्प्रिंग आता कार्बनवर टेकत नव्हती, खोबणीच्या काठावर अडकली होती. कार्बन सैल पडून होता. कम्युटेटरवर कधी टेकत होता, कधी नाही. लेकीच्या हातातला आकडा हलत होता तो त्यामुळे.

कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं. प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर असतो. कार्बन त्यावर घासत करंट बाहेर काढतो, म्हणून तो गुळगुळीत, गोल आणि तपकिरी-तांबूस हवा. आमच्यावर कार्बनच्या वाटेएवढी खोल चर पडली होती, पट्ट्या काळ्या झाल्या होत्या, आणि तांबं झिजून अभ्रक वर आला होता. असा अभ्रक कार्बनला उडवतो, ठिणग्या पडतात, आणि ठिणग्यांनी तांबं आणखी जळतं. हे घरी पॉलिश पेपरने होणारं काम नव्हतं.

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या बोळात, एक वाईंडिंगवाले काका आहेत. सत्तरीच्या पुढचे. मी पिशवीतून आर्मेचर काढून त्यांच्यासमोर ठेवलं, तर त्यांनी ते दोन्ही हातांत घेतलं, दोन टोकांना धरून फिरवलं आणि म्हणाले, "फियाटचा. लई दिवसांनी आला." मग क्षणभर थांबून, "टॅक्सीचे रोज दोन-तीन यायचे मुंबईहून."

ते का थांबले हे मला माहीत होतं. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला झाली होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून नाहीशा झाल्या. आमच्यासारख्या हौशी माणसांच्या गाड्यांना सामान मिळत होतं ते त्या टॅक्सींच्या जिवावर. हजारो गाड्या रोज चालत होत्या म्हणून कार्बन बनत होते, बुश बनत होते, आणि काकांसारख्यांच्या हाताला काम होतं. आता जे आहे ते जपायचं.

काकांनी आधी आर्मेचर ग्राउलरवर ठेवला. हे व्हीच्या आकाराचं एक विजेचं चुंबक असतं. त्याच्या खाचेत आर्मेचर ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचा. वाईंडिंगमध्ये कुठे शॉर्ट असला तर त्या जागी पातं थरथरतं. काका पातं दोन बोटांत अगदी हलकं धरून होते, डोळे दुसरीकडेच. पूर्ण फेरा झाला. पातं गप्प राहिलं. "वाईंडिंग चांगलंय. जुनं तांबं हाय," ते म्हणाले. मी इतका वेळ श्वास रोखून धरला होता हे तेव्हा कळलं, कारण आर्मेचर जळला असता तर दुसरा शोधायला बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किती फेऱ्या माराव्या लागल्या असत्या सांगता येत नाही.

मग लेथ. कम्युटेटरवरून त्यांनी इतका बारीक पदर काढला की तांब्याचा केसासारखा धागा गुंडाळत खाली पडला. चर जाईपर्यंतच काढायचा, एक पदरही जास्त नाही. तांबं परत येत नाही. मग अभ्रक खाली करायचं काम. त्यासाठी हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा, दोन्ही बाजूंनी घासून अभ्रकाच्या रुंदीइतका पातळ केलेला. प्रत्येक फटीत तो धरून पाऊण मिलिमीटरपर्यंत खोली करायची, आणि कडेला अभ्रकाची किनार उरू द्यायची नाही. काकांनी निम्म्या फटी केल्या, पातं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाकीच्या तुमी करा ताई. मला आता चष्म्यातनंबी बारीक दिसत नाय." मला वाटतं त्यांना दिसत होतं. मी केल्या. एकेका फटीला पाच-पाच मिनिटं लागली. पातं घसरून तांब्यावर ओरखडा गेला की सगळं पुन्हा. शेवटी काचेच्या पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून त्यांनी कडं चमकवलं. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण फटींत अडकतात आणि त्यातून करंट जातो. ही ताकीद त्यांनी दोनदा दिली.

मागचा बुशही, म्हणजे शाफ्टला आधार देणारी धातूची नळी, झिजला होता, शाफ्ट बोटाने हलत होता. नवीन बुश त्यांच्याकडच्या डब्यात निघाला. तो बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवायचा, कारण त्याचा धातू सच्छिद्र असतो, तेल पितो आणि पुढे हळूहळू सोडत राहतो. कार्बन मात्र नेमक्या मापाचे मिळाले नाहीत. किंचित मोठे होते ते घेतले, घरी सपाट कानशीवर घासत मापाला आणले, खोबणीत अडकणार नाहीत आणि डुगडुगणारही नाहीत इतके. मग कम्युटेटरभोवती काचेचा पेपर गुंडाळून त्यावर कार्बन टेकवून फिरवले, म्हणजे त्यांच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई आली. फील्ड कॉइलचा रेझिस्टन्स मोजला. सहा ओहमच्या आसपास आला, पुस्तकातल्यासारखा.

सगळं जोडल्यावर एक चाचणी मामांनी सांगितली होती, ती मी कधीच विसरणार नाही. डायनामो जेवणाच्या टेबलावर जुन्या टॉवेलवर ठेवला. डी आणि एफ एकत्र जोडून बॅटरीच्या प्लसला लावले, बॉडी मायनसला. करंट देणाऱ्या यंत्राला करंट दिला की ते मोटर होऊन फिरतं. क्षणभर काही नाही. मग पुली सावकाश, एका लयीत फिरायला लागली. ठिणगी नाही, खरखर नाही. लेक म्हणाली, "जिवंत आहे!" माझी आई आतून बाहेर आली, टेबलावर काय ठेवलंय ते बघून आधी रागावली आणि मग तीही बघत उभी राहिली. याच चाचणीत डायनामोला योग्य दिशेचं चुंबकत्वही मिळतं, त्यामुळे वेगळं पोलराइझ करावं लागत नाही.

गाडीत बसवला. इंजिन चालू केलं. दिवा लुकलुकला आणि थोड्या वेगावर ठार विझला. बॅटरी मी आदल्या दिवशी बाहेरून पूर्ण चार्ज करून आणली होती. मीटर लावला. तेरा, चौदा, साडेचौदा. मला आनंद आवरेना. मग पंधरा. पंधरा पॉइंट सहा.

मी घाईने इंजिन बंद केलं.

खरी गोष्ट इथे सुरू होते. साडेचार वर्षं मी समजत होते की ही गाडी बॅटरीला उपाशी ठेवते. आता दिसत होतं की ती तिला उकळत होती. बारा व्होल्टच्या बॅटरीला चौदा-सव्वाचौदा पुरे. पंधराच्या वर गेलं की आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं, प्लेटा उघड्या पडतात आणि एकेक सेल मरतो. मला दर तीन आठवड्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं. उन्हाळा म्हणून असेल, गाडी जुनी म्हणून असेल, असं मी मनाशी म्हणायचे. बॅटरीच्या ट्रेचा पत्रा अ‍ॅसिडच्या वाफेने खाल्ला गेला होता, तो मी दोनदा रंगवलाही होता. कार्बन इतके लवकर का झिजले, तेही आता समजायला लागलं. डायनामो सतत गरजेपेक्षा जास्त ओढून देत होता.

मामांना सांगितलं तर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी तर महिन्यातून एकदा बघायचो पाणी, अमावस्येला. दोन महिन्यांत जेमतेम अर्धा कप लागायचं. तुझ्याकडे आल्यावर काय बदललं?"

माझ्याकडे आल्यावर गाडीचं रंगकाम झालं होतं. बॉनेटच्या आतला पत्राही रंगवला होता. रेग्युलेटरची डबी काढून, रंग मारून, पुन्हा त्याच जागी बसवली होती, रंगावर.

रेग्युलेटरचं काम समजलं की यातला अर्थ लागतो. त्यातली बारीक तारेची कॉइल डायनामोचा दाब मोजत असते, पण कशाच्या तुलनेत? स्वतःच्या अर्थिंगच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या मायनसशी असलेल्या जोडणीच्या. डबीचं अर्थिंग खराब असेल तर कॉइलच्या वाट्याला दाब कमी येतो. तिला वाटतं अजून चौदा झालेले नाहीत, म्हणून ती डायनामोला आणखी देऊ देते. मीटरचं एक टोक डबीच्या बॉडीला आणि दुसरं थेट बॅटरीच्या मायनसला लावून इंजिन चालवलं. तिथे शून्याच्या जवळ दिसायला हवं. एक पॉइंट तीन दिसलं. दोन स्क्रू, त्यांखाली रंगाचा थर आणि त्याखाली गंज. एवढ्याशा जागेने माझ्या दोन बॅटऱ्या खाल्ल्या आणि तिसरीला लागली होती.

डबी काढली. स्क्रूच्या भोवतीचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, डबीच्या पायाचाही. दातेरी वॉशर घातले. त्याशिवाय डबीपासून इंजिनला आणि इंजिनपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जाड वायर वेगळी ओढली, म्हणजे पुन्हा कोणी रंग मारला तरी फरक पडायला नको. इंजिन चालू केलं. १४.२. वेग वाढवला, १४.३. हेडलाइट लावले, १३.९. मी डबीचं झाकणही उघडलं नाही, आत एकही स्क्रू फिरवला नाही. आतली सेटिंग १९७८पासून बरोबरच होती. त्या इलेक्ट्रिशियनचं ऐकलं असतं तर डायनामोबरोबर ही डबीही भंगारात गेली असती.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, डबीच्या आतल्या स्क्रूला हात लावायच्या आधी अर्थिंग मोजा. तो स्क्रू पिळून आकडा खाली आणता येतो. पण अर्थिंग आणखी बिघडलं की तो पुन्हा वर जातो, आणि मग मूळ सेटिंग कुठे होती हेही हातचं गेलेलं असतं.

बॅटरी शेवटी बदलावीच लागली. हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या द्रावाची घनता, घेतली. पाच सेल बाराशे पन्नासच्या पुढे, एक साडेअकराशेवर, कितीही चार्ज केला तरी तिथेच. पण या वेळी बॅटरी सगळ्यात शेवटी बदलली, आणि का मेली ते माहीत असताना बदलली.

आणखी एक हिशेब राहिला होता. बोगद्यात सगळं एकदम का कोसळलं? मामांनी नव्वदच्या दशकात कधीतरी हेडलाइटला शंभर वॅटचे बल्ब बसवून घेतले होते, घाटात उजेड पडावा म्हणून. दोन बल्बांचे मिळून सोळा-सतरा अ‍ॅम्पिअर. कॉइलचे चार, वायपरचे तीन, मागचे दिवे आणि डॅशबोर्ड मिळून दोन. एकूण पंचवीसच्या पुढे. हा डायनामो धडधाकट असताना, चांगल्या वेगावर, वीस-बावीस देतो. म्हणजे पावसातल्या रात्री ही गाडी नेहमीच थोडी तोट्यात चालत होती, फक्त मामा रात्री फारसे निघायचेच नाहीत. मी साठ-पंचावन्न वॅटचे बल्ब घातले आणि हेडलाइटला रिले, म्हणजे बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच, लावला. उजेड पूर्वीपेक्षा कमी वाटत नाही, कारण जुन्या वायरीत आणि स्विचमध्ये वाया जाणारा दाब आता बल्बपर्यंत पोचतो.

आता अल्टरनेटरविषयी. तो आयडललाही चार्ज करतो, जास्त करंट देतो, आणि त्याची देखभाल कमी. रोज पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, रात्री, लाइट लावून उभं राहायचं असेल तर तो बसवणंच शहाणपणाचं आहे. तसं करणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. माझी गाडी आठवड्यातून एकदा सकाळी बाहेर पडते, महिन्यातून एकदा वाईला जाते. तिला डायनामो पुरतो. आणि बिघडला तरी तो उघडून, बघून, हाताने दुरुस्त करता येतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

माझ्याकडे आता एक वही आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅटरीचे तीन आकडे तिच्यात जातात: रात्रभर उभ्या गाडीचा, चालू गाडीचा, आणि लाइट लावून. त्याच दिवशी पाणी बघायचं. आता दोन महिन्यांत अर्धा कपही लागत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं धरलं तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचं. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, आणि वरून पेट्रोलियम जेली. डायनामोच्या मागच्या झाकणात बुशसाठी बारीक भोक आहे, त्यात चार-पाच हजार किलोमीटरला इंजिन ऑइलचे दोन थेंब. जास्त घातलं तर ते कम्युटेटरवर उडतं आणि कार्बन चिकटायला लागतात. वर्षातून एकदा मागचं झाकण काढून कार्बनची लांबी बघायची आणि भुकटी फुंकायची नाही, ब्रशने काढायची, ती नाकात जाऊ द्यायची नाही.

गेल्या महिन्यात वाईला गेले तेव्हा मामा काठी टेकत खाली आले. मी इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं, मीटर लावला आणि त्यांच्यासमोर धरला. १४.१. त्यांनी मीटरकडे पाहिलंही नाही, लांब पेचकस मागितला. त्याचं टोक डायनामोच्या पुढच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"पुढचं बेअरिंग बोलायला लागलंय," ते म्हणाले. "घाई नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत उघड."

मीही कान लावला. बारीक, सलग घरघर होती, इंजिनाच्या आवाजाखाली दबलेली. वहीत लिहून ठेवलंय. काकांना फोन करून बेअरिंगचा नंबर विचारला, तो त्यांच्या डब्यात नाही पण बाजारात मिळतो म्हणाले. नवीन कार्बनची एक जास्तीची जोडीही घासून ठेवली आहे, एका छोट्या डबीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये.